तुळसी नावाचा ग्रह

नुंगंबाक्कम, चेन्नई
८ जानेवारी २०२५

तुळसक्का,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे न उघडताच ठेवून दिलं असशील तर प्रश्न मिटला. उघडलं असशील तर आधी एवढं वाच: अप्पा बरे आहेत. सहा वर्षांनी बहिणीचं पत्र आलं की माणसाच्या मनात पहिलं तेच येतं, म्हणून सांगितलं.

काम छोटं आहे. पोंगलला ‘विण्णूर’ नावाचा मोठा तमिळ सिनेमा लागतोय. ग्रह, आकाशातली जहाजं, लढाया असा. पुण्यातल्या तमिळ लोकांसाठी तिथेही दोन-तीन खेळ ठेवलेत म्हणे. तो तू बघू नकोस. तीन तासांचा आहे, आवाज फार आहे आणि तुझी अर्धशिशी मला ठाऊक आहे.

पोस्टरवर तुझं नाव दिसेल. म्हणजे तुझं नव्हे. सिनेमातल्या एका ग्रहाचं नाव तुळसी आहे. माझ्यामुळे पडलं, पण ठरवून नाही. भाषा बनवायचं काम माझ्याकडे होतं, त्यात ते होऊन गेलं.

मी अजून जाहिरातींचं मराठीच करते. साबण, टूथपेस्ट, पंखे. वडपळनीच्या स्टुडिओत बसून पुण्यामुंबईची मराठी बोलायची. तीच इथे लिहितेय. आपल्या घरच्या तंजावरी मराठीत लिहायला घेतलं की हात थांबतो.

दोन वर्षांपूर्वी राजगोपाल सर तिथे आले, या सिनेमाचे दिग्दर्शक. त्यांच्या गोष्टीत एक जमात आहे. तीनशे वर्षांपूर्वी त्यांचा ग्रह सुकला. जहाजातून त्यांना दुसऱ्या ग्रहावर आणून सोडलं आणि परत न्यायला येतो म्हणून जहाज गेलं ते गेलं. ही माणसं तिथलंच अन्न खायला लागली, तिथल्याच लोकांत मिसळली, पण घरात आपसांत जुनी भाषा बोलत राहिली. म्हातारी राणी आकाशाकडे बघत मरते. ती गेल्यावर दुसऱ्याच दिवशी जहाज येतं. मग राजा म्हणतो चला, आणि धाकटी राजकन्या म्हणते, मी जिथे जन्मले ते माझं, मी येत नाही. सरांना या लोकांसाठी भाषा हवी होती. म्हणाले, “कुणाची तरी आहे असं वाटलं पाहिजे, पण कुणाची आहे ते कळता कामा नये.”

मी पटकन बोलून गेले, “सर, आमच्या घरी आहे तशी एक.”

अक्का, आपल्या बोलीला कुणी हसलं नाही असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. शाळेत तमिळ मुली हसायच्या, ‘सगळं’ला ‘असकें’ म्हटलं की स्टुडिओत पुण्याची माणसं हसतात. आणि इथे गुम्मिडिपूंडीच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये तोंडाला राखाडी रंग फासलेली तीनशे माणसं “इकडे ये गा”, “असकें घेऊन चला” म्हणत पळत होती. शब्दांची मोडतोड केली होती मी, उलटसुलट जोडले होते, पण सूर आपलाच. सगळं युनिट मला ‘मोळि अम्मा’ म्हणायचं, भाषेची आई.

शनिवारी नट मंडळी घरी यायची, अप्पांकडून उच्चार शिकायला. अप्पा धुतलेली वेष्टी नेसून दुपारपासून वाट बघत. शाळेतून निवृत्त होऊन बावीस वर्षं झाली, पण फळ्यासमोर उभे राहिले की पाठ ताठ. तो राजा झालेला मोठा नट ‘ळ’ नीट म्हणायचा आणि ‘झ’ला अडकायचा, तेव्हा अप्पा हसले. अम्मा गेल्यापासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं.

अप्पांचाही आवाज आहे सिनेमात, थोडासा. तेवढ्यासाठी जाऊ नकोस. ऐकायचाच असेल तर फोन कर त्यांना. पण तू करणार नाहीस हे मला ठाऊक आहे, आणि ते का, तेही.

तुझ्या अनन्याला आशीर्वाद. एकोणीसची झाली ना गं?

रंजनी


नुंगंबाक्कम
२० जानेवारी २०२५

अक्का,

तुझं उत्तर आलं नाही, येईल असं वाटलंही नव्हतं. तरी लिहिते. कारण झालेलं सांगायला माणूस नाही. दत्ताजी काकांना सांगता येत नाही, ते तिथेच होते.

युनिटच्या घरच्यांसाठी सकाळचा खास खेळ ठेवला होता. अप्पांना नेलं, सोबत त्यांचे जुने मित्र दत्ताजी काका, आपल्यातलेच. अप्पांनी अंगाला गंध लावलं होतं, जरीची वेष्टी. राजकन्या झालेल्या मुलीनं त्यांच्या पाया पडून “नमस्कार करतें” म्हटलं, ते ऐकून फार खूश झाले. पहिला दीड तास मजेत गेला. कुणी “असकें” म्हणालं की माझ्या गुडघ्यावर थाप मारायचे.

मग राणी मरते तो प्रसंग आला. राजाचा चेहरा पडदाभर. तो राणीच्या डोक्याशी बसतो आणि बोलायला लागतो. ओठ त्या नटाचे हलतात, आवाज अप्पांचा.

मागे ढोल होते, आवाज घुमवलेला होता, त्यामुळे पहिल्या दोन वाक्यांना त्यांच्या लक्षात आलं नाही. “चांगलें म्हणतो,” असं ते माझ्या कानात म्हणालेसुद्धा. मग राजा म्हणाला, “चंद्रे.” अम्माला दुसरं कुणी चंद्रे म्हणत नव्हतं, अक्का. अप्पांचा हात माझ्या गुडघ्यावर होता तो त्यांनी उचलून आपल्या मांडीवर ठेवला.

पुढे सव्वा मिनिट राजा बोलतो. मी मोजलंय, कितीदा तरी. संपलं तेव्हा थिएटरात हुंदके ऐकू येत होते. मागून कुणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि सगळे उभे राहिले. दत्ताजी काका बसूनच होते. ते वळून माझ्याकडे बघत होते, कारण सगळ्या थिएटरात तिघांनाच कळलं होतं तो काय बोलला.

अप्पा म्हणाले, “घरीं चल.”

घरी आल्यावर मी कॉफी केली, ती निवली. मी म्हटलं, “अप्पा, चुकून गेलं. उच्चारांसाठी तुमच्या आवाजाच्या पन्नास फायली दिल्या होत्या, त्यात तीही होती. साउंडच्या लोकांनी उचलली.”

ते म्हणाले, “तें मी चंद्रेला सांगितलें होतें. गावाला नव्हे.”

अम्मा गेल्यानंतरचे ते दिवस तू पाहिले नाहीस. रोज दुपारी जेवण झालं की ते तिच्या फोटोसमोर खुर्ची ओढून बसत आणि बोलत. मी दाराआड उभी राहून फोनवर ते घेऊन ठेवत असे. उद्या हा आवाजही गेला तर माझ्याकडे काय राहील, असं वाटायचं. हे खरं आहे. यावर विश्वास ठेव.

त्या सव्वा मिनिटात तुझं नाव आहे. सरांनी ते ऐकून विचारलं, “तुळसी म्हणजे काय?” मी म्हटलं, त्यांच्या सुकलेल्या ग्रहाचं नाव. ते म्हणाले, याच्याहून चांगलं सुचणार नाही. असं झालं ते.

परवानगीच्या कागदावर अप्पांची सही आहे. मी समोर धरला, त्यांनी न वाचता केली. मी दिलेला कागद ते कधीच वाचत नाहीत.

तू सिनेमा बघू नकोस अक्का. हात जोडते.

रंजनी


नुंगंबाक्कम
२ फेब्रुवारी २०२५

अक्का,

आता अप्पा तुझ्याकडे आहेत आणि त्यांनी तुला त्यांच्या बाजूचं सांगितलं असेल. तू त्यांना तुझ्या बाजूचं सांगितलंस. दोन्ही जोडून तुम्हाला सगळं कळलंच आहे. मला विचारायचं काही उरलेलं नाही. तरी हे माझ्या हातानं लिहिलेलं तुझ्यापाशी असावं.

२६ तारखेला, रविवारी सकाळी तू घरच्या फोनवर फोन केलास. मी स्वयंपाकघरात आंबटीला फोडणी देत होते. फोन अप्पांनी उचलला. मला त्यांचंच बोलणं ऐकू येत होतं. “कोण?” मग बराच वेळ काही नाही. “सिनेमा? होय, मीच तो.” परत शांत. “पण तूंच म्हणालीस ना, येत नाहीं?” मग म्हणाले, “रंजनीनें सांगितलें.” मी गॅस बंद केला. त्यांनी फोन ठेवल्याचा आवाज आला नाही, म्हणून बाहेर आले. रिसीव्हर त्यांच्या हातात होता आणि तू त्यात अजून बोलत होतीस.

“रंजनी,” त्यांनी विचारलं, “अम्मा आस्पत्रींत होती तेव्हां तूं तुळसीला फोन केलेलास?”

मी म्हटलं, “केला होता.”

हो, तेव्हाही. तुझा आवाज फोनमधून येत होता आणि मी हेच म्हणाले.

त्यांनी रिसीव्हर माझ्यापुढे धरला. “तिला सांग, केलेलास म्हणून.”

मला तो हातात घेता आला नाही.

“एकदांही नाहीं?”

“नाही.”

“चार दिवस होती ती. चारही दिवस नाहीं?”

“चारही दिवस नाही, अप्पा.”

आता तुला सांगते. फेब्रुवारी २०१९, मंगळवारी अम्माला दाखल केलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, सहा वर्षं मीच नेत होते, तुला माहीत आहे. त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, घरच्यांना बोलावून घ्या. अम्मा म्हणाली, तुळसीला बोलाव. त्याच्या पंधरा वर्षं आधी तू गिरीधर भावोजींशी लग्न केलंस आणि अप्पा म्हणाले, या घरात पाय ठेवू नको. तेच अप्पा तिथे माझ्याकडे वळून म्हणाले, “बोलाव गो, लवकर येऊं दे.” त्यांनी अडवलं नव्हतं. उलट मला घाई केली होती.

मी फोन घेऊन व्हरांड्यात गेले. तुझा नंबर काढला. आणि उभी राहिले. मला वाटलं, ही आता विमानानं येईल. दारात उभी राहून रडेल. अम्माच्या तोंडावर जो आनंद येईल तो मी सहा वर्षांत एकदाही बघितला नाही. तिचं तोंड मी धुतलं, तिची भांडी मी उचलली, मला बघायला आलेल्या दोन स्थळांना मी नाही म्हटलं, आणि ती डोळे उघडले की विचारते, तुळसी? मला एक दिवस हवा होता, अक्का. एकच. त्यात तिनं माझं नाव घ्यावं. उद्या करू फोन, असं म्हणून मी आत गेले आणि सांगितलं, “तिकीट बघतेय ती.”

बुधवारी तूच अम्माच्या मोबाईलवर फोन केलास. तो माझ्याकडे होता. मी म्हटलं, झोपलीये, साखर जरा वाढलीये, काळजी करू नको. आत जाऊन सांगितलं, तिला रजा मिळत नाहीये. आता खरं सांगायचं तर कालचं खोटं निस्तरावं लागलं असतं. गुरुवारी अप्पांना बाजूला घेऊन म्हटलं, ती येत नाही म्हणाली. अप्पा आत जाऊन अम्माच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, “उद्यां येते.” शुक्रवारी दुपारी अम्मा गेली. दार दिसावं म्हणून तिनं कूस बदलून घेतली होती.

तुला मी शनिवारी कळवलं, सगळं आटोपल्यावर. आणि तू किंचाळलीस तेव्हा म्हटलं, अप्पांनी शपथ घातली होती तुला कळवू नये म्हणून. त्या एका वाक्यावर तू सहा वर्षं बापाशी बोलली नाहीस. माझ्या दुसऱ्या वाक्यावर ते तुझ्याशी बोलले नाहीत. मी मध्ये बसून दोघांच्या काळजीचं दाखवत राहिले.

आता सिनेमातलं. अप्पा फोटोला म्हणतात: “चंद्रे, तूं विचारीत होतीस, तुळसी कोठें. मी म्हटलें, येते. मग म्हटलें, उद्यां येते. ती येत नाहीं म्हणाली, हें मला तुला सांगवलें नाहीं. आतां सांगतों. तुळसी आली नाहीं.”

पडद्यावर खाली लिहून येतं: तुळसीचं जहाज आलं नाही. ते मी लिहिलं.

फाईल चुकून गेली हेही खोटं. ती मी निवडून दिली नाही, पण तिथे आहे हे मला ठाऊक होतं. सरांनी ती ऐकली, डोळे पुसले, आणि विचारलं, “मोळि अम्मा, हे वापरू का? तुम्ही नको म्हटलं तर नाही वापरणार.” मी नको म्हटलं नाही. का, ते मी खूप शोधलं. सगळ्या युनिटमध्ये पहिल्यांदा कुणीतरी मला विचारत होतं आणि माझ्या होकारावर काहीतरी उभं राहणार होतं, हे एक. दुसरं सांगायची लाज वाटते. मला थकवा आला होता. तू कुठेतरी ऐकशील आणि हे संपेल, असं मनाच्या तळाशी असेलही. मग तुला बघू नको म्हणून पत्र का लिहिलं? मलाच सांगता येत नाही. पण ज्या सिनेमाच्या जाहिरातीत तुझं नाव आहे तो बघू नको असं सांगितलं की तू बघशील, हे मला कळत नव्हतं असं नाही.

फोनच्या दिवशी अप्पांनी मला शिवी दिली नाही. सदरा घातला आणि म्हणाले, “पुण्याचें तिकीट काढ.” बुधवारी मी त्यांना विमानतळावर सोडलं. एक पेटी आणि अम्माचा फोटो, जुन्या टॉवेलात गुंडाळून छातीशी. चाकाची खुर्ची ढकलणाऱ्या माणसाशी ते तमिळमध्ये छान बोलत होते, त्याचं गाव, त्याची मुलं. मी म्हटलं, “अप्पा, गोळ्यांची पिशवी डाव्या कप्प्यात आहे.” ते त्या माणसाला म्हणाले, “चला, उशीर होईल.”

माफी मागत नाही. कशाची मागायची याची यादीच मला करता येत नाही.

रंजनी


नुंगंबाक्कम
१७ मे २०२५

अक्का,

अप्पांचा उन्हाळी चष्मा, कानातलं यंत्र आणि दोन वेष्ट्या कुरिअरनं पाठवल्यात. कंजी घट्ट केली तर त्यांच्या घशात अडकते, पातळ कर. मोतीबिंदूचे कागद पिवळ्या पाकिटात आहेत. तुला हे सगळं एव्हाना कळलं असेल. मला दुसरं लिहिता येत नाही.

सिनेमा आता लोकांच्या फोनवर आला आहे. महाराष्ट्रातल्या लोकांना ऐकून ऐकून कळलं की राजा मराठी बोलतोय. रोज कुणीतरी लिहितं, तंजावरची मराठी जगभर पोचली, केवढा अभिमान. इथल्या आपल्या मंडळींनी माझा सत्कार ठेवला. मी ताप आलाय म्हणून गेले नाही.

पण मुलं घरी येतात. आपल्यातलीच, ज्यांना आईबापांनी कधी बोली शिकवली नाही अशी. म्हणतात, आम्हाला शिकवा. भव्या म्हणून एक आहे, गिंडीला नोकरी करते. घरात तमिळच. तिची आजी मागच्या वर्षी गेली. म्हणाली, “राजा बोलायला लागला आणि मला वाटलं पाटीच, माझी आजी, बोलतेय. मी चारदा बघितला.” मग वही उघडून विचारलं, “मॅम, जहाज असेल तर ‘आलें नाहीं’ पाहिजे ना? तो ‘आली नाहीं’ म्हणतो. कोण आली नाही?”

मी म्हटलं, “आमच्याकडे जहाजाला नाव म्हणतात. नाव आली नाही.”

तिनं ते लिहून घेतलं. मी पोह्यांची बशी पुढे केली.

दुसऱ्या दिवशी मी तिला फोन करून सांगितलं, शिकवणं मला जमणार नाही, दत्ताजी काकांकडे जा. ते अप्पांहून थोडं कमी जाणतात, पण ते चांगले आहेत.

घरात आता कुणी बोलत नाही. कधीतरी मोठ्यानं म्हणते, “आतां भात टाकतें,” आणि स्वतःच दचकते.

अप्पा माझ्याबद्दल विचारतात का, हे मी विचारत नाही.

रंजनी


चेन्नई
९ सप्टेंबर २०२५

अक्का,

काल सकाळी पोचले. तू डब्यात दिलेली पोळी आणि बटाट्याची भाजी विमानतळावरच खाल्ली. फोनवर मी “पोचले” एवढंच बोलले, कारण पुढचं लिहायचं होतं.

ऑगस्टच्या अठराव्या तारखेला तुझा फोन आला. तू म्हणालीस, “रंजने, डॉक्टर म्हणतायत दिवस फार नाहीत. ये.” एवढंच. डॉक्टरांनी सांगितल्यावर तासाभरात तू मला फोन केलास, हे मला अनन्याकडून कळलं. तू व्हरांड्यात उभी राहिली नाहीस. तुला तर माझ्याहून जास्त कारण होतं.

मी आले तेव्हा तू दारात पाण्याचा तांब्या दिलास. घाईत कपडे धड घेतले नव्हते, तर आंघोळीनंतर तू तुझं निळं सुती लुगडं पुढे केलंस. अप्पांच्या खोलीत नेलंस. ते झोपले होते. अर्ध्यावर आलेले होते, अक्का. एवढा उंच माणूस, पलंगावर निम्म्या जागेत मावत होता. तू मला खुर्चीवर बसवलंस, जिथे तू रोज बसायचीस, आणि म्हणालीस, “जागे झाले की सांगते त्यांना तू आलीस म्हणून. सावकाश सांगू.” मग गॅसवर कंजी होती म्हणून आत गेलीस.

परत आलीस तेव्हा काय बघितलंस ते मला ठाऊक आहे. अप्पा जागे होते. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला होता आणि मी रडत होते. तू तशीच मागे फिरलीस, दार ओढून घेतलंस, आणि आत जाऊन रडलीस. त्यानंतर ते काही बोललेच नाहीत, दुसऱ्या दिवशी पहाटे गेले.

मग तू सगळ्यांना सांगितलंस. गिरीधर भावोजींना, दहाव्याला आलेल्या दत्ताजी काकांना, शेजारच्या कनकाबाईंना. “शेवटी अप्पांनी तिला माफ केलं. मी डोळ्यांनी बघितलं, हात धरून होते.” दत्ताजी काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. अनन्या मला मावशी म्हणायला लागली. तेराव्याच्या रात्री तू माझ्याशेजारी अंथरूण घातलंस, लग्नाआधी घालायचीस तसं, आणि म्हणालीस, “त्यांनी सोडून दिलं, तर मी धरून बसणारी कोण?”

मी गप्प राहिले. तेरा दिवस गप्प राहिले. मला वाटलं, हे एवढं घेऊ दे. कुणाचं काय जातंय. सगळ्यांनाच बरं वाटतंय.

पण विमानात बसल्यावर कळलं, की मी त्या व्हरांड्यातच उभी आहे अजून. आणि आता तुझ्यापाशी नव्यानं एक खोटं ठेवून चालले आहे, या वेळी एक शब्दही न बोलता.

तू कंजी घ्यायला गेलीस तेव्हा अप्पांनी डोळे उघडले. चष्मा नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्या निळ्या लुगड्याकडे बघितलं, आणि म्हणाले, “तुळसी.”

मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, “हो, अप्पा.”

“एक सांगतों. करशील?”

“करीन.”

त्यांनी माझा हात शोधला आणि दोन्ही हातांत घेतला. त्यांना दम लागत होता, प्रत्येक शब्दाला थांबत होते. म्हणाले, “रंजनीला बोलावूं नको. तूं बोलावशील, तुझा स्वभाव मला ठाऊक. नको बोलावूं. ती समोर आली तर क्षमा करावी लागेल. मला होत नाहीं गो. मी फार पाहिलें करून. होत नाहीं. मला असाच जाऊं दे.”

मी म्हटलं, “नाही बोलावत, अप्पा.”

त्यांना बरं वाटलं. तोंडावर दिसलं ते. त्यांनी हात आणखी घट्ट धरला आणि तेवढ्यात तू वाटी घेऊन आलीस.

एवढंच झालं. त्यांनी मला माफ केलं नाही, अक्का. त्यांनी तुझा हात धरला होता.

रंजनी